आत्याबाईच्या मिशा आणि १९९९ची बेरीज

"शरद पवारांनी १९९९ मध्ये काँग्रेस सोडली नसती तर?" निवडणुकीचा हंगाम आला की हा प्रश्न एखाद्या पुरवणीत, चॅनेलवर नाहीतर कट्ट्यावर निघतोच. उत्तरही ठरलेलं असतं. त्या वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसला २७.२ टक्के मतं मिळाली, नव्याकोऱ्या राष्ट्रवादीला २२.६. बेरीज ४९.८. समोर शिवसेना आणि भाजप मिळून जेमतेम ३२. अठरा टक्क्यांचा फरक! म्हणजे काँग्रेस एकसंध असती तर युतीचा धुव्वा उडाला असता आणि पुढचा सगळा महाराष्ट्र वेगळा दिसला असता. चहा संपतो, विषय संपतो.

यावर कुणीतरी हटकून म्हणतं, "इतिहासात जर-तरला अर्थ नसतो. आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं." मला हे पटत नाही, आणि संशोधनात पाऊल टाकणाऱ्या कुणालाही ते पटू नये. 'या खतामुळे उत्पादन वाढलं' असं आपण म्हणतो तेव्हा 'खत दिलं नसतं तर उत्पादन इतकं वाढलं नसतं' हेच म्हणत असतो. कारण सांगणारं प्रत्येक वाक्य पोटात एक जर-तर घेऊन येतं. इंग्रजीत याला काउंटरफॅक्च्युअल म्हणतात, एवढंच. प्रयोगशाळेत आपण त्यासाठी नियंत्रण गट ठेवतो. निवडणुकीत तो ठेवता येत नाही, म्हणून प्रश्न निरर्थक होत नाही; अवघड होतो.

तेव्हा १९९९च्या या लोकप्रिय जर-तरचं, एखादा शोधनिबंध तपासायला आला आहे असं समजून, परीक्षण करू या. माझा विषय माळरानांची परिसंस्था. राजकारण हा नाही. पण या प्रश्नात पीएचडीच्या पहिल्या वर्षी होणाऱ्या जवळपास सगळ्या चुका एका जागी सापडतात, आणि आकडे सगळ्यांना खुले आहेत.

आधी घडलं काय ते. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार लोकसभेत २६९ विरुद्ध २७० असं एका मतानं पडलं. मे महिन्यात शरद पवार, पी. ए. संगमा आणि तारिक अन्वर यांनी सोनिया गांधींच्या विदेशी मूळाचा मुद्दा काढला. तिघांची काँग्रेसमधून हकालपट्टी झाली. १० जूनला राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष स्थापन झाला. सप्टेंबरमध्ये महाराष्ट्रात लोकसभा आणि विधानसभा अशा दोन्ही निवडणुका एकत्र झाल्या. विधानसभेच्या २८८ जागांपैकी काँग्रेसला ७५, राष्ट्रवादीला ५८, शिवसेनेला ६९, भाजपला ५६. आणि ऑक्टोबरमध्ये, एकमेकांविरुद्ध लढलेले दोन्ही काँग्रेसवाले मित्रपक्षांना घेऊन एकत्र सत्तेत बसले. विलासराव देशमुख मुख्यमंत्री, छगन भुजबळ उपमुख्यमंत्री.

आता पहिला प्रश्न: यातलं नेमकं काय बदलायचं?

मराठीत या प्रकारच्या लेखनाचा सगळ्यांना माहीत असलेला नमुना म्हणजे जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा. पुण्याचे इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे ट्रकच्या धडकेनंतर दुसऱ्याच एका भारतात जाऊन पडतात. तिथे पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकलेली आहे. विश्वासरावांना लागायची ती गोळी तिथे चाटून गेली. कथा वाचताना बहुतेकांना तो वेगळा भारत आठवतो. मला महत्त्वाची वाटते ती ग्रंथालयातली गोष्ट. गंगाधरपंत इतिहासाचे खंड एकामागून एक चाळतात. पहिल्या चार खंडांत, अगदी औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंत, सगळं जसंच्या तसं आहे. फरक पाचव्या खंडात. म्हणजे लेखकानं एकच गोष्ट बदलली, तीही लहानात लहान, आणि तिच्या आधीचं काहीही हलवलं नाही. नारळीकर शास्त्रज्ञ होते ते इथे दिसतं. एक चल बदलायचं, बाकीची स्थिर ठेवायची.

(कथेची कमकुवत बाजूही सांगायला हवी. गोळी चुकल्यानंतरचा सगळा इतिहास फारच सुरळीत एका दिशेनं जातो. पेशव्यांच्या घरात भाऊबंदकी होती, ती त्या विजयानंतर कुठे गेली? एवढ्या मोठ्या विजयानं ती कमी झाली असती की वाढली असती? कथेत त्या वाटा बंद आहेत. कथेला ते चालतं. आपल्याला चालत नाही.)

१९९९ मध्ये ती गोळी कुठली? 'पवार बाहेर पडले नसते' हे एक वाक्य वाटतं, पण त्याच्या आत निदान तीन वेगवेगळी वाक्यं आहेत. एक, विदेशी मूळाचा मुद्दा निघालाच नसता. दोन, मुद्दा निघाला, पण पक्षानं हकालपट्टी न करता मिटवलं असतं. तीन, राष्ट्रवादी स्थापन झाली, पण दोघांनी ऑक्टोबरमध्ये जे केलं ते जूनमध्येच केलं असतं, म्हणजे आघाडी करून निवडणूक लढवली असती. पहिल्या जगात पक्ष एकसंध आहे. दुसऱ्यात पक्ष एकच, पण आतून धुमसतोय. तिसऱ्यात पक्ष दोन, उमेदवार एक. या तिन्ही जगांत मतं सारखी पडतील असं मानायला काही आधार नाही. बेरीज करणारे मात्र तिन्हींना एकच उत्तर देतात.

दुसरी अडचण आणखी खोल आहे. विधानसभेची मुदत मार्च २००० पर्यंत होती. नारायण राणे यांच्या युती सरकारनं ती आधीच बरखास्त करून निवडणूक लोकसभेबरोबर घेतली. काँग्रेस फुटलेली असतानाच निवडणूक उरकून घ्यावी, हा हिशेब त्यामागे होता असं तेव्हापासून मानलं जातं. ते खरं असेल तर फूट काढून टाकली की सप्टेंबर १९९९ ची निवडणूकही उरत नाही. निवडणूक कदाचित २००० मध्ये झाली असती, लोकसभेपासून वेगळी, वेगळ्या मुद्द्यांवर. आणि आपण बेरजेसाठी वापरतोय ते आकडे फूट झालेल्या जगात, फुटीमुळे ठरलेल्या तारखेला मोजलेले. औषध दिलेल्या रुग्णाचं रक्त तपासून 'औषध दिलं नसतं तर रक्त असंच असतं' म्हणण्यासारखं हे झालं.

आता बेरजेकडे येऊ. बेरीज करताना एक गृहीतक गुपचूप आत शिरतं: राष्ट्रवादीला मत देणारा प्रत्येक माणूस, राष्ट्रवादी नसती तर काँग्रेसलाच मत देता. शंभर टक्के हस्तांतर. समजायला एक काल्पनिक मतदारसंघ घ्या. काँग्रेस ३८ हजार, राष्ट्रवादी ३० हजार, युती ४२ हजार. युती जिंकली. आता राष्ट्रवादी मैदानात नाही. तिच्या ३० हजारांतले जे काँग्रेसकडे वळणार नाहीत ते घरीच बसले, असं मानलं तर काँग्रेसला फक्त ४ हजारांहून थोडी जास्त मतं हवीत, म्हणजे शंभरातले साधारण १४ मतदार. सोपं. पण न वळणारे सगळे युतीकडे गेले, असं मानलं तर? मग काँग्रेसला शंभरातले किमान ५७ हवेत. कागद घेऊन करून बघा. एकाच मतदारसंघात निकाल पालटायला लागणारं हस्तांतर १४ ते ५७ टक्के अशा कुठल्याही जागी असू शकतं. ते नाराज मतदार कुठे जातील यावर सगळं अवलंबून, आणि बेरजेत तर नाराज मतदार हा प्राणीच नाही.

इथपर्यंत नुसती शंका झाली. शंका घेणं सोपं असतं. सिनॉप्सिसच्या सादरीकरणाला मागच्या रांगेतून कुणीही घेतो. पुरावा आहे का? आहे, आणि चांगला आहे.

पाच वर्षांनी, २००४ मध्ये, हेच दोन पक्ष आघाडी करून लढले. मतदारसंघांच्या सीमा त्याच होत्या, पुनर्रचना नंतर २००८ मध्ये झाली. म्हणजे वर सांगितलेलं तिसरं जग, थोडं उशिरा का होईना, प्रत्यक्षात आलं. काय झालं? काँग्रेस २१.१ टक्के, राष्ट्रवादी १८.७. बेरीज ३९.८. स्वतंत्र लढून जवळजवळ ५० टक्के मिळवणारे दोघे एकत्र लढल्यावर दहा टक्क्यांनी खाली आले! आणि जागा? १३३ वरून १४० वर गेल्या. मतं घटली, जागा वाढल्या. आघाडीचा फायदा खरा आहे, कारण मतविभागणी टळते; पण तो बेरजेतून दिसतो तेवढा कधीच नसतो.

हा एकच नमुना असता तर मी गप्प बसले असते. दुसरा आहे. २५ सप्टेंबर २०१४ ला एकाच दिवशी युती तुटली आणि आघाडीही तुटली. चारही पक्ष वेगवेगळे लढले. भाजप २७.८ आणि शिवसेना १९.३, बेरीज ४७.१. काँग्रेस १८ आणि राष्ट्रवादी १७.२, बेरीज ३५.२. पाच वर्षांनी, २०१९ मध्ये, तेच चार पक्ष पुन्हा दोन जोड्यांमध्ये, पुन्हा त्याच मतदारसंघांत. युती ४२.२, आघाडी ३२.६. दोन्ही जोड्या खाली. सगळे एकत्र आल्यावर चार पक्षांच्या मिळून मतांत साडेसात टक्क्यांची गळती, आणि ती गेली छोट्या पक्षांकडे, अपक्षांकडे.

का होते ही गळती? १९९९ मध्ये काँग्रेसनं २४९ आणि राष्ट्रवादीनं २२३ उमेदवार दिले होते, एकूण ४७२. २००४ मध्ये १५७ आणि १२४, एकूण २८१. म्हणजे जवळपास एकशेनव्वद उमेदवाऱ्या कमी झाल्या. विधानसभेत मतं नुसती चिन्हाला पडत नाहीत. उमेदवाराचं घराणं, साखर कारखाना, दूधसंघ, जिल्हा परिषदेतला गट, तालुक्यातलं लग्नकार्याला हजर राहणं, या सगळ्याची मतं असतात. ज्याचं तिकीट कापलं गेलं तो ही मतं मित्रपक्षाच्या ओटीत टाकायला बांधील नसतो. बऱ्याचदा तो स्वतःच अपक्ष उभा राहतो.

आणि इथून मागे वळून १९९५ कडे बघा. त्या वर्षी काँग्रेस 'एकसंध' होती. पवार मुख्यमंत्री होते. निकाल: काँग्रेस ८०, शिवसेना ७३, भाजप ६५, आणि अपक्ष तब्बल ४५. त्या अपक्षांत काँग्रेसच्याच बंडखोरांचा भरणा मोठा होता, आणि त्यांच्यातल्या अनेकांच्या पाठिंब्यावर युतीचं सरकार आलं. १९९९ मध्ये काँग्रेस फुटली आणि अपक्ष झाले १२. हा आकडा माझ्या मते या सगळ्या चर्चेतला सगळ्यात बोलका आहे आणि सगळ्यात कमी वापरला जाणारा. तालुक्यात दोन गट असतील आणि पक्ष एकच असेल तर एक गट बंडखोरी करतो; पक्ष दोन झाले तर दोन्ही गटांना घर मिळतं. १९९५ ची बंडखोरी चिन्हाविना होती. १९९९ मध्ये तिच्यातल्या बऱ्याच जणांना घड्याळ मिळालं. मग 'फूट झाली नसती तर' या जगात ४९.८ टक्के कुठून आणणार? त्या जगाचा सगळ्यात जवळचा शेजारी १९९५ आहे, आणि तिथे काँग्रेसची मतं ३१ टक्क्यांच्या आसपास होती.

आता स्वतःच्याच बाजूवर उलट तपासणी. परीक्षक हा प्रश्न विचारणारच: २००४ मध्ये दहा टक्के घटले, ते आघाडीमुळे की सत्तेत असल्यामुळे? १९९९ मध्ये युती सत्तेत होती आणि काँग्रेसवाले विरोधात. २००४ मध्ये उलटं. पाच वर्षांच्या नाराजीचा वाटा या दहा टक्क्यांत असणारच, आणि तो वेगळा काढता येत नाही. २०१४-१९ ची जोडी इथे थोडी मदत करते, कारण २०१९ मध्ये आघाडी विरोधात असूनही खाली आली. पण तिथेही निवडणुकीआधी आघाडीतले बरेच नेते भाजप-सेनेत गेले होते. शुद्ध नमुना एकही नाही.

कुणी म्हणेल, मग शिवसेना-भाजपलाच नियंत्रण गट धरा. १९९९ आणि २००४, दोन्ही वेळा ते युतीतच होते, त्यांच्यात काही बदललं नाही. त्यांची मतं ३२ वरून ३३.६ वर गेली, काँग्रेसवाल्यांची दहानं घटली. या दोन बदलांमधला फरक म्हणजे आघाडीचा परिणाम. अर्थमितीच्या पुस्तकात ही पद्धत दिसायला फार सुंदर असते. पण इथे ती चालत नाही. माळरानावर आम्ही चराईचा परिणाम मोजतो तेव्हा एका तुकड्याला कुंपण घालतो आणि शेजारचा उघडा ठेवतो. कुंपणामुळे आत न जाणारी गुरं कुठे जातात? शेजारच्या उघड्या तुकड्यात. म्हणजे नियंत्रण तुकडाच दुप्पट चरला जातो आणि कुंपणाचा परिणाम आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. मतदारांचंही तसंच. काँग्रेसकडून निसटलेलं मत दुसरीकडे कुठेतरी पडणार, त्यातलं काही युतीकडेच. एकाच तळ्यातलं पाणी इकडचं तिकडे होत असेल तर त्यातला अर्धा भाग नियंत्रण म्हणून वापरता येत नाही.

बेरीजवाल्यांच्या बाजूनं सगळ्यात जोरदार पुरावा १९९८ ची लोकसभा निवडणूक आहे, आणि तो दडपणं अप्रामाणिकपणाचं होईल. फुटीच्या जेमतेम दीड वर्ष आधी पवारांच्या नेतृत्वाखाली एकसंध काँग्रेसनं रिपब्लिकन गटांना बरोबर घेतलं आणि महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ३३ जागा एकट्या काँग्रेसनं जिंकल्या. रिपब्लिकनांना ४ मिळाल्या. शिवसेना ६, भाजप ४. पुढच्याच वर्षी, फुटीनंतर, काँग्रेस १० आणि राष्ट्रवादी ६; शिवसेना १५, भाजप १३. फुटीनं काहीच फरक पडला नाही असं म्हणणाऱ्याला हे आकडे उघडे पाडतात. फरक पडला, मोठा पडला. पण लोकसभेत. एका लोकसभा मतदारसंघात विधानसभेचे सहा बसतात. ४८ तिकिटांवरून होणारी नाराजी आणि २८८ तिकिटांवरून होणारी नाराजी यांची जात वेगळी. लोकसभेचा निष्कर्ष विधानसभेला लावणं म्हणजे उंदरावरचा डोस तसाच माणसाला देणं.

पुण्यापुरतं बघायचं तर आणखी मजेशीर मालिका मिळते. १९९६ मध्ये पुण्याची लोकसभेची जागा सुरेश कलमाडींनी काँग्रेसकडून जिंकली. १९९८ मध्ये तेच कलमाडी काँग्रेसबाहेर पडून भाजप-सेनेच्या पाठिंब्यावर उभे राहिले आणि काँग्रेसच्या विठ्ठल तुपे यांच्याकडून हरले. १९९९ मध्ये काँग्रेस आणि राष्ट्रवादी दोघांनी उमेदवार दिले आणि जागा भाजपचे प्रदीप रावत घेऊन गेले. २००४ मध्ये कलमाडी पुन्हा काँग्रेसकडून आणि पुन्हा खासदार. माणूस तोच, शहर तेच, निष्ठा बदललेली आणि परत बदललेली. घाईत निष्कर्ष काढायचा तर 'पुण्यात पक्ष जिंकतो, माणूस नाही'. पण ही चार मोजमापं आहेत. प्रत्येक वेळी देशातली हवा वेगळी, समोरचा उमेदवार वेगळा, आणि १९९८ मधले कलमाडी हे १९९६ मधले कलमाडी राहिले नव्हते, कारण पक्ष बदलणं हीच मतदाराच्या दृष्टीनं त्यांच्याबद्दलची नवी माहिती होती. निष्ठा बदलण्याच्या प्रत्येक जर-तरमध्ये ही गोम असते: लेबल बदललं की आतली वस्तूही बदलते.

अमेरिकेत हा खेळ थोडा वेगळ्या पटावर चालतो. १९४८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षातल्या काही जणांनी जनरल आयझेनहॉवरना उमेदवार करायचा प्रयत्न केला होता. त्यांनी नकार दिला. १९५२ मध्ये तेच रिपब्लिकन म्हणून उभे राहिले आणि ४४२ विरुद्ध ८९ अशा प्रतिनिधी-मतांनी जिंकले. 'आयझेनहॉवर डेमोक्रॅट असते तर' हा प्रश्न तिथे निदान मांडता तरी नीट येतो: निवडणूक एका पदाची, माणूस पक्षाहून मोठा, युद्धातली कीर्ती दोन्ही लेबलांखाली तीच. तिथल्या पर्यायी इतिहासाच्या कादंबऱ्यांना हे फार सोयीचं पडतं. आपल्याकडे नेता बदलला की त्याच्यामागून आमदार, सभापती, कारखान्याचे संचालक, सरपंच असा सगळा पट हलतो. २८८ वेगवेगळ्या निवडणुका आणि प्रत्येकीत वेगळी गोळी. तिकडच्या पद्धतीनं 'फक्त नाव बदला, बाकी तेच ठेवा' इथे करताच येत नाही.

नीट मांडलेल्या जर-तरचं अलीकडचं उदाहरण कादंबरीत नाही, निकालपत्रात सापडतं. ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं महाराष्ट्रातल्या सत्तांतरावर निकाल दिला. राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं समर्थनीय नव्हतं, पण उद्धव ठाकरे यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिल्यामुळे पूर्वीची स्थिती परत आणता येत नाही, असं त्यात म्हटलं आहे. निकालाची राजकीय बाजू बाजूला ठेवा आणि फक्त रचना बघा. बदललेली गोष्ट एकच: राजीनामा. विचारलेला परिणामही एकच: न्यायालयाला जुनं सरकार परत आणता येईल की नाही. पुढे कोण जिंकलं असतं, २०२४ ला काय झालं असतं, यावर एक शब्द नाही. बाहेर मात्र त्याच दिवशी 'राजीनामा दिला नसता तर' वरून पुढच्या दहा वर्षांचे इमले बांधून झाले होते.

मग १९९९ चं माझं उत्तर काय? आघाडी करून लढले असते, म्हणजे तिसरं जग घेतलं, तर जागा १३३ पेक्षा वाढल्या असत्या असं मला वाटतं. १४५ चा बहुमताचा आकडा स्वबळावर ओलांडलाही असता, कारण नाराजी युती सरकारवर होती. पण धुव्वा, दोनशे पार, हे नाही. आणि पक्ष फुटलाच नसता, म्हणजे पहिलं जग घेतलं, तर मी विश्वासानं फक्त एवढंच म्हणेन की अपक्षांचा आकडा १२ राहिला नसता.

हे चुकीचं ठरवता येईल असं आहे, आणि त्याला महागडं उपकरण लागत नाही. निवडणूक आयोगाचे १९९९ आणि २००४ चे मतदारसंघनिहाय अहवाल खुले आहेत. २८८ ओळींचा तक्ता करा. प्रत्येक जागेवर राष्ट्रवादी आणि काँग्रेस यांच्यातला जो मागे होता त्याची मतं पुढच्याला द्या: आधी शंभर टक्के, मग ८५, मग ७०, मग ५५. उरलेली मतं एकदा घरी बसवा, एकदा युतीला द्या. सात वेगळी उत्तरं येतील, कारण शंभर टक्क्यांवर उरलेली मतंच नसतात. त्यातलं कुठलं उत्तर २००४ च्या १४० च्या जवळ जातं ते बघा आणि मग उलट दिशेनं विचारा, की हस्तांतर किती धरलं तर प्रत्यक्ष घडलेलं समजतं. अपक्षांची नावं १९९५ च्या यादीशी ताडून बघा. १९९५ चा अपक्ष १९९९ मध्ये घड्याळावर लढला का, हे बऱ्याच ठिकाणी नुसत्या नावावरून कळेल. नावांच्या स्पेलिंगमध्ये मात्र वेळ जाईल. एकच माणूस तीन अहवालांत तीन प्रकारे लिहिलेला असतो. आणि फाइल उघडायच्या आधी, वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालून लिहून ठेवा, की कुठला आकडा आला तर तुम्ही मत बदलाल. माझा आकडा: ७० टक्के हस्तांतर आणि उरलेली मतं युतीला, या कडक गृहीतकावरही आघाडी १८० च्या पुढे गेली तर वरचा निम्मा लेख मला नव्यानं लिहावा लागेल.